अर्ध्या मिनिटात डोंगल बंद पडतो? डिव्हाइस ट्रीमध्ये ५ व्होल्टला मालक द्या

तुमचा प्रश्न असा: रावेरकडच्या केळीच्या बागेत ठिबकच्या कंट्रोलरला ४जी डोंगल लावलाय. यूबूटमध्ये (लिनक्सच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरमध्ये) तो सापडतो, लिनक्स वर येताना दिवाही लागतो, आणि अर्ध्या मिनिटात सगळं गप्प. पोर्ट गेला का? सोबत तुम्ही डिव्हाइस ट्रीमधला, म्हणजे बोर्डवर काय कुठे जोडलंय हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलमधला, ५ व्होल्टच्या रेग्युलेटरचा नोड (त्याच्या वर्णनाचा तुकडा) दिलाय.

पोर्ट बदलू नका. तुम्ही दिलेल्या नोडमध्ये रेग्युलेटर-फिक्स्ड (ठरावीक व्होल्ट देणारा रेग्युलेटर) आहे, किमान आणि कमाल दोन्हीकडे ५०००००० मायक्रोव्होल्ट आहेत, तो चालू-बंद करणारी जीपीआयओ (चिपची पिन) आहे, रेग्युलेटर-बूट-ऑनही आहे. फक्त हा रेग्युलेटर वापरतं कोण, हे कुठेच लिहिलेलं नाही. बूट-ऑन असल्यामुळे कर्नल (लिनक्सचा गाभा) यूबूटने चालू ठेवलेली लाइन तशीच राहू देतो. मग बूट झाल्यावर साधारण ३० सेकंदांनी तो सगळ्या रेग्युलेटरांवर नजर टाकतो आणि ज्याला कोणी वापरणारा नाही तो बंद करतो. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) त्या रेग्युलेटरच्या नावापुढे ‘डिसेबलिंग’ अशी ओळ असेल, बघा.

म्हणजे यूएसबीच्या बाजूने जोडणी लिहायची राहिलीय. ती कुठे लिहायची हे चिपवर ठरतं आणि लोक इथेच अडकतात. आय.एमएक्स चिपमध्ये व्हीबस-सप्लाय (व्हीबस म्हणजे यूएसबीची ५ व्होल्टची तार) यूएसबी कंट्रोलरच्या नोडमध्ये जातो. ऑलविनरमध्ये पीएचवायच्या (यूएसबीच्या तारांशी थेट बोलणाऱ्या भागाच्या) नोडमध्ये यूएसबी१_व्हीबस-सप्लाय असं पोर्टचा नंबर धरून लिहितात. रॉकचिपच्या यूएसबी २ पीएचवायमध्ये पोर्टच्या उपनोडमध्ये पीएचवाय-सप्लाय. चुकीच्या नोडमध्ये लिहिलं तर कर्नल तक्रार करत नाही, ती ओळ कोणी वाचतच नाही. म्हणून दुसऱ्या बोर्डची फाइल उचलून चिकटवू नका, तुमच्या चिपचं बाइंडिंग (कोणती ओळ कुठे लिहायची ते सांगणारा कर्नलचा दस्तऐवज) उघडून वाचा.

आणखी एक जागा नीट तपासा. लाइन हाय केल्यावर तुमचा पॉवर स्विच चालू होत असेल, तर एनेबल-अ‍ॅक्टिव्ह-हाय लिहावंच लागतं. जीपीआयओच्या ओळीत अ‍ॅक्टिव्ह-हाय लिहिलंय म्हणून भागत नाही. फिक्स्ड रेग्युलेटरसाठी तो फ्लॅग धरलाच जात नाही, आणि ही प्रॉपर्टी नसली की कर्नल लाइन अ‍ॅक्टिव्ह-लो, म्हणजे लो केल्यावर चालू होणारी, समजतो. मग चालू म्हटलं की ५ व्होल्ट जातात आणि बंद म्हटलं की येतात.

कोणीतरी सांगेलच, रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन (कायम चालू) टाका आणि मोकळे व्हा. डोंगल चालेल, हे खरं. पण जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याच्या पेटीतला डोंगल अडकला, तर त्याची वीज तोडून परत देण्याचा मार्ग तुम्ही स्वतःच बंद केलेला असतो. प्रत्येक वेळी कोणीतरी उन्हात बागेपर्यंत जाऊन तो उपसून परत लावायचा. केळीला पाणी द्यायची वेळ त्यासाठी थांबत नाही. आणि पोर्ट ओटीजी (होस्ट आणि डिव्हाइस दोन्ही होऊ शकणारा) असेल तर ऑलवेज-ऑन चूकच आहे: तो लॅपटॉपला जोडला की दोन्हीकडून ५ व्होल्ट समोरासमोर येतात.

स्विचनंतर मोठा कपॅसिटर असेल तर स्टार्टअप-डिले-यूएस द्या, आकडा मायक्रोसेकंदांत. करंटचं मात्र डिव्हाइस ट्रीमध्ये काही सुटत नाही. यूएसबी २ च्या पोर्टकडून ५०० मिलिअँपियर धरायचे, आणि रेंज कमी असली की ४जी डोंगल जास्त ओढतो. मीटर बोर्डपाशी नको, वायरच्या डोंगलकडच्या टोकाला लावा. तिथे ४.७५ व्होल्टच्या खाली दिसलं तर वायर आखूड आणि जाड घ्या.

बदल केल्यावर डीबगएफएसमधल्या (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलसिस्टिममधल्या) रेग्युलेटर फोल्डरची रेग्युलेटर_समरी फाइल कॅट कमांडने वाचा. तुमच्या रेग्युलेटरच्या खाली यूएसबीचं नाव आणि यूजच्या रकान्यात १ दिसायला हवा. मग मीटर लावलेला ठेवून यूएसबी कंट्रोलरचा ड्रायव्हर अनबाइंड करा (कंट्रोलरपासून सोडवा). ५ व्होल्ट उतरले आणि परत बाइंड केल्यावर चढले, तर पेटी बंद करा. उतरले नाहीत तर समरीचं आउटपुट आणि चिपचं नाव इथे टाका, मी बघतो.