१५ वर्षं गाडी चालवतोय, आता शिकवायची आहे. सोलापुरात ड्रायव्हिंग प्रशिक्षक कसं होता येईल?

तुम्ही लिहिलंय की १५ वर्षांत एकही अपघात नाही, डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा, म्हणजे दुसऱ्याच्या चुका गृहीत धरून सावध चालवण्याचा, कोर्सही झालाय, आणि आता प्रशिक्षक व्हायचंय. तर कागद काय लागतात आणि या अनुभवाचा उपयोग किती. मी १७ वर्षं टुरिस्ट गाडी चालवली. अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर, भाविक घेऊन फिरायचं. गेली काही वर्षं बाजूच्या सीटवर बसून शिकवतो. त्यामुळे दोन्ही बाजूंचं सांगू शकतो.

आधी कागद. आपल्याकडे प्रशिक्षकाचा वेगळा परवाना नसतो. परवाना मिळतो तो ड्रायव्हिंग स्कूलला, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२ खाली. शिकवणाऱ्याची पात्रता केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम २४ मध्ये दिली आहे: दहावी पास, गाडी चालवण्याचा ५ वर्षांचा अनुभव, आणि मोटर मेकॅनिकचं सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र, किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंगमधलं त्याहून वरचं शिक्षण. शिवाय वाहतुकीची चिन्हं पाठ हवीत, गाडीचे भाग उलगडून सांगता आले पाहिजेत आणि प्रादेशिक भाषा किंवा इंग्रजी यायला हवी. तुमच्या डिफेन्सिव्हच्या सर्टिफिकेटचा यात कुठेही उल्लेख नाही. भिंतीवर लावा, छान दिसतं.

माझं घोडं मेकॅनिकच्या कागदापाशीच अडलं. सरळ आयटीआयला नाव घातलं. वय वर्षं ४२, वर्गातली पोरं काका म्हणायची. शॉर्टकट सुचवणारे खूप भेटतील. कित्येक ठिकाणी कागदावर नाव एकाचं आणि सीटवर बसलेला दुसराच, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या वाटेला जाऊ नका. शिकाऊ माणसाने कुणाला धडक दिली तर पहिला प्रश्न शेजारी कोण बसलं होतं हाच येतो.

स्वतःचं स्कूल काढायचं असेल तर नमुना १२ भरून आरटीओकडे अर्ज. मिळालेला परवाना ५ वर्षं चालतो. जागा, ड्युअल कंट्रोलची गाडी (शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असलेली), फळा, चिन्हांचे तक्ते, कापून दाखवता येईल असं इंजिन-गिअरबॉक्स, प्रथमोपचार पेटी, अशी लांबलचक यादी आहे. माझा सल्ला विचाराल तर आधी दोन वर्षं दुसऱ्याकडे नोकरी करा. पगार टुरिस्ट गाडीपेक्षा कमी मिळेल, पण शिकवायला शिकाल. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नवे नियम आलेत. तिथे प्रशिक्षक बारावी पास लागतो, कारच्या केंद्राला किमान एक एकर जागा लागते, आणि हलक्या गाडीचा कोर्स २९ तासांचा असतो, त्यातले २१ तास प्रत्यक्ष गाडीवर. तिथून पास झालेल्याला आरटीओची टेस्ट माफ. साध्या स्कूलमध्ये किमान २१ दिवस आणि १० तास स्टेअरिंगवर एवढंच बंधन आहे. भांडवल असेल तर त्या बाजूचाही विचार करा.

आता तुमचा खरा प्रश्न: अनुभवाचा फायदा. पहिले सहा महिने तोटाच होतो.

माझ्या पहिल्या विद्यार्थिनी जुळे सोलापूरच्या एक शिक्षिका होत्या. होटगी रोडच्या एका मोकळ्या प्लॉटिंगमध्ये गाडी उभी केली आणि म्हणालो, "मॅडम, क्लच हळूच सोडा." गाडी उडी मारून बंद. "हळूच सोडा ओ." परत बंद. चौथ्यांदा त्या शांतपणे म्हणाल्या, "हळूच म्हणजे किती?" मला उत्तर देता आलं नाही. १७ वर्षं माझा पाय ते करत होता, डोक्याला त्याचा पत्ताच नव्हता. त्या रात्री घरासमोर गाडी लावून मी स्वतःचाच पाय बघत बसलो. मग जमलं: एक्सलेटरला हातच लावायचा नाही, म्हणजे पाय. सपाट जागेवर क्लच वर घेत जायचा, इंजिनचा आवाज जड झाला आणि बॉनेट जरा थरथरलं की पाय तिथेच थांबवायचा. दोन आकडे मोजायचे, परत दाबायचा. असं वीस वेळा. चालवायचं काही नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमची गाडी एकदाही बंद पडली नाही.

ब्रिटनमध्ये प्रशिक्षकाला तीन परीक्षा द्याव्या लागतात: एक लेखी, एक स्वतः चालवण्याची, आणि तिसरी फक्त शिकवण्याची. आपल्याकडे ती तिसरी नाहीच, त्यामुळे ती विद्यार्थी घेतो.

तुम्ही आजपासून एक करा. आसरा चौकातून सात रस्त्याकडे जाताना जे दिसतंय ते आणि त्यावर काय करताय ते मोठ्याने बोला. "रिक्षा कडेला थांबली, उजवीकडून माणूस उतरेल, पाय ब्रेकवर." आपण धोका ओळखून आधीच वेग कमी केलेला असतो, आणि का केला ते सांगता येत नाही. गाळप हंगामात संध्याकाळी उसाच्या जोड ट्रॉल्या रिफ्लेक्टरशिवाय चाललेल्या असतात, तिथे हे बोलणं फार उपयोगी पडतं. कुटुंबातली माणसं वेडा म्हणतील, म्हणू द्या.

सूचना लवकर द्यायची. चौक आल्यावर "डावीकडे" म्हणाल तर शिकाऊ माणूस स्टेअरिंगच ओढेल. "पुढचं मेडिकल गेलं की डावीकडे" असं म्हणा. आणि पूर्व भागातले विद्यार्थी आले तर दोन तेलुगू शब्द ठेवा जवळ: एडम म्हणजे डावं, कुडी म्हणजे उजवं. एक काकू मराठी उत्तम बोलायच्या, पण घाबरल्या की डावं-उजवं फक्त तेलुगूत कळायचं. कन्नड घरातल्यांना एड आणि बल. नियमात एक भाषा पुरते, सोलापुरात नाही पुरत.

शेवटचं, ड्युअल कंट्रोल. गाडी ताब्यात घेताना तुमच्या बाजूचा ब्रेक आधी स्वतः चार-पाच वेळा दाबून बघा. मी शिकवायला घेतलेल्या पहिल्या गाडीत तो अर्ध्यावर अडकायचा, आणि ते मला सात रस्त्याच्या गर्दीत कळलं.