थंड गाडीचा होस सकाळी कडक काऊन लागते?

प्रश्न : नमस्कार दादा, दर्यापूर तालुक्यातून लिहितो. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड डिझेल पिकअप घेतली. गावात, वावरात, आठवडी बाजारात कितीही फिरवा काही नाही, पण हरभरा भरून अकोल्याला निघालो की अर्ध्या वाटेत काटा लाल पट्टीत जाते, मंग गाडी बाजूला घ्या, थंड होऊ द्या, पाणी टाका, पुन्हा चला. रेडिएटर नवीन टाकला, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) बदलली, एका मिस्त्रीनं तर थर्मोस्टॅट (पाण्याची वाट उघड-बंद करणारी झडप) काढूनच फेकला, तरी तेच. खाली एक थेंब गळत नाही अन् रोज लिटरभर पाणी कमी होते. आणखी एक, सकाळी बोनट उघडलं तर वरचा होस पाइप कडक लागते. पाणी घरच्या बोअरचंच टाकतो. आता कोणता पार्ट बदलू?

उत्तर : भाऊ, सध्या एकही पार्ट बदलू नका. तुम्ही शेवटी जाता जाता जे लिहिलं ना, सकाळी होस कडक लागतो म्हणून, तीच या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि दोन वर्षांत एकाही मिस्त्रीनं तिच्याकडं लक्ष दिलं नाही याचं मला खरंच वाईट वाटलं.

रात्रभर उभी राहिलेली गाडी थंड झाली की पाणी आकसतं, प्रेशर उतरतं, होस दोन बोटांनी दाबला तर पिचकला पाहिजे. तो सकाळीही कडक असेल तर आतमध्ये वाफ नाही, सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरून कोंडलेला आहे. असा गॅस बहुतेक वेळा फुटलेल्या हेड गॅस्केटमधून येतो, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्या मधल्या सीलमधून, नाहीतर हेडला क्रॅक असतो. रिकाम्या गाडीला त्रास काऊन नाही हेही यातच आलं, लोड असला की सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं, गॅस जोरात पाण्यात घुसतो, पाण्याला कॅपमधून रिझर्व बॉटलमध्ये ढकलतो, तिथून ते रस्त्यावर सांडत जातं. गाडी उभी असताना खाली ओल दिसणारच नाही.

खात्री घरीच करता येते. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना, होस कडक असेल तर कॅपवर जाड कापड ठेवून हळूच उघडा, पाणी काठोकाठ भरा, गाडी चालू करा, रेस थोडी वाढवा आणि पाण्याकडं पाहत राहा. सुरुवातीला अडकलेली हवा निघेल, ती थांबते. पण बुडबुडे थांबतच नसतील, उकळीसारखे येतच असतील तर समजा गॅस मारतोय. काही गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची टेस्ट असते, गॅस लागला की त्याचा रंग बदलतो, तीही करून घ्या.

आता पाण्याचं. दर्यापूर म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, तिथल्या बोअरचं पाणी पिकाला सोसत नाही ते इंजिनाला कसं सोसेल? गॅरेजात असताना या पट्ट्यातल्या एका पिकअपचं हेड मी उतरवलं होतं, पाण्याच्या भोकांच्या कडा किडलेल्या दातासारख्या खाल्लेल्या, बोटानं घासलं की पांढरी भुकटी निघायची. अशा कडेवर नवीन गॅस्केट बसवलं तरी ते धरत नाही. तुमच्या गाडीचं हेड अॅल्युमिनियमचं असेल तर हीच शंका जास्त, आणि आधीच्या मालकानंही नुसतं गॅस्केट बदलून गाडी विकली असेल तर नवल नाही.

म्हणून हेड उतरवलं की नुसतं गॅस्केट टाकून बंद करू देऊ नका. हेड लेथवाल्याकडं नेऊन सरळ पट्टी आणि फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पत्त्या) वाकलंय का पाहा, क्रॅकसाठी प्रेशर टेस्ट करा, मगच फेसिंग, म्हणजे हेडचं तोंड घासून सपाट करणं. भोकांच्या कडा खोलवर गेल्या असतील तर फेसिंगनं भागत नाही, वेल्डिंग नाहीतर दुसरं हेड. हेडचे बोल्ट बऱ्याच डिझेल इंजिनांत एकदाच वापरायचे असतात, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, तिथं पैसे वाचवू नका.

थर्मोस्टॅट परत बसवा. तो बहुतेक गाड्यांत ८० ते ९० डिग्रीच्या आसपास उघडायला लागतो, आणि काही इंजिनांत तो काढला की बायपासची वाट उघडीच राहते, थोडं पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात फिरतं, म्हणजे थंड करायला काढला आणि लोडवर गरमच झाली. सगळी लाइन धुऊन कुलंट आणि बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी अर्धं-अर्धं भरा, कॅपही नवी घ्या. कुटार वाहत असाल तर रेडिएटरची जाळीही झाडून घ्या.

तोवर लोड भरू नका. वाटेत गरम झालीच तर कॅप लगेच उघडू नका, आतलं पाणी १०० डिग्रीच्या वर असूनही प्रेशरमुळं उकळलेलं नसतं, कॅप सुटली की एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर धड असलेलं हेडही तडकू शकतं, अर्धा-पाऊण तास थांबा.

बुडबुड्यांचं काय झालं ते हेड उतरवायच्या आधी कळवा.