वाट पाहून टायर निवडावा : वाचकांचे प्रश्न

माउंटन बाइकच्या टायरविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी ज्या पायवाटांवर सायकल चालवतो तेथे कोरड्या दिवसांत जमीन टणक असते, उतारांवर सुटी खडी पसरलेली असते आणि पावसात काही भागांत चिखल होतो. दर वेळी टायर बदलणे मला शक्य नाही. वर्षभर चालेल असा एकच टायर सुचवाल का? तोच दोन्ही चाकांना बसवावा का?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यावर अवलंबून आहे. दोन्ही चाकांना एकच टायर बसवलाच पाहिजे असे नाही. आपल्यासारख्या मिश्र वाटांसाठी तर तो बसवू नये, असे माझे मत आहे. पुढचे चाक सायकल वळवते आणि जोराने ब्रेक लावला की बहुतेक भार त्याच्यावर येतो. ते वळणात निसटले तर सावरायला अवधीच मिळत नाही. मागचे चाक थोडे घसरले तरी सराव असलेला माणूस ते आवरतो. मात्र एरवी शरीराचे वजन मागच्या चाकावर अधिक असल्यामुळे तेथे जड फिरणारा टायर असला की चढावर दम लागतो. म्हणून पुढे पकड आणि मागे हलकेपणा असा मेळ घातला, तर एकाच जोडीत पुष्कळ प्रकारची जमीन निभावता येते.

आता जमिनीकडे वळू. टायरवर रबराचे जे उंचवटे असतात, ज्यांना नॉब म्हणतात, त्यांची उंची, त्यांच्यातील अंतर आणि त्यांचा टणकपणा या तीन गोष्टींवर सगळा खेळ आहे. नुसत्या टणक आणि कोरड्या जमिनीवर बुटके, दाट नॉब चांगले, कारण तेथे रुतण्यासारखे काही नसते आणि जितके रबर जमिनीला लागेल तितकी पकड मिळते. टणक जमिनीवर सुटी खडी हा प्रकार मात्र दिसतो त्याहून फसवा आहे. तेथे नॉबला वरची खडी बाजूला सारून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचावे लागते. नॉब फार बुटके असतील तर टायर खडीवर तरंगतो आणि फार उंच असतील तर खालच्या टणक थरावर टेकताच ते वाकतात. अशा वाटेसाठी मध्यम उंचीचे, थोडे विरळ आणि कडेच्या रांगेत चांगले भक्कम असलेले नॉब हवेत. वळणात सायकल कलते तेव्हा भिस्त या कडेच्या नॉबवरच असते.

येथे एक बारकावा सांगण्याजोगा आहे. मॅक्सिसचा मिनियन डीएचएफ हा टायर अशा जमिनीवर वर्षानुवर्षे नावाजला गेला आहे. त्याच्या मधल्या आणि कडेच्या नॉबमध्ये एक मोकळी पट्टी आहे. सायकल निःशंकपणे कलवली की कडेचे नॉब जमिनीत शिरतात आणि टायर रुळावर असल्यासारखा वळतो. पण जो बिचकत, अर्धवट कलवतो तो नेमका त्या मोकळ्या पट्टीवर येतो, जेथे मधले नॉब सुटलेले असतात आणि कडेचे अजून टेकलेले नसतात. अशांनी मधल्या जागेतही नॉब असलेला टायर घ्यावा; त्याच कंपनीचा असेगाई या घडणीचा आहे. तो थोडा जड फिरतो, पण पुढच्या चाकाला ते खपते.

तेव्हा आपण पुढे मध्यम ते उंच नॉबचा आणि मऊ रबराचा टायर बसवावा, मागे त्याहून बुटक्या नॉबचा आणि टणक रबराचा. चिखलासाठी वेगळे काही करू नये. जे दिवस मोजके येतात त्यांच्यासाठी टायर निवडला, तर उरलेले सगळे वर्ष तो आपण विनाकारण ओढत राहता. शिवाय ओल्या, मऊ झालेल्या वाटेवर चाकांचे चर पडतात आणि ती वाळल्यावर तसेच टणक होतात. त्या दिवसांत वाटेला विश्रांती दिली तर सर्वांचेच भले होते.

प्रश्न : पावसाळी सायकलिंगसाठी मी मुद्दाम उंच आणि विरळ नॉबचा चिखलाचा टायर घेतला. चिखलात तो उत्तम चालतो, पण ओल्या कातळावर आणि झाडांच्या मुळांवर पूर्वीच्या टायरपेक्षाही जास्त घसरतो. टायर सदोष आहे का?

उत्तर : टायर निर्दोष आहे, आपण त्याला दोन परस्परविरोधी कामे सांगत आहात. चिखलाच्या टायरचे उंच, टोकेरी नॉब वरचा पातळ थर भेदून खालच्या घट्ट मातीत रुततात, आणि त्यांच्यातील अंतर जास्त असल्यामुळे चाक फिरताना चिखल निसटून बाहेर फेकला जातो. कातळात मात्र काहीही रुतत नाही. तेथे नॉबची फक्त टोके टेकतात, म्हणजे जमिनीला लागणारे रबर कमी होते, आणि उंच नॉब भाराखाली मुडपतात. चालवणाऱ्याला ते टायर वळवळल्यासारखे जाणवते. डाउनहिल, म्हणजे डोंगर उतरण्याच्या शर्यतींतील मेकॅनिक चिखलाच्या टायरचे नॉब कटरने कापून आखूड करतात ते याच कारणाने. बाजारात मुळातच अशा मधल्या उंचीचे टायरही मिळतात. मॅक्सिसचा शॉर्टी त्यांपैकी आहे आणि श्वाल्बेचा मॅजिक मेरी ओल्या, मिश्र जमिनीसाठी बराच वापरला जातो.

ओल्या दगडावर आणि मुळांवर पकड देते ते मुख्यतः रबर, नक्षी नव्हे. रबराचा टणकपणा शोअर ए या मापात सांगतात आणि आकडा जितका लहान तितके रबर मऊ. चाळिशीच्या सुरुवातीचे, म्हणजे ४२ च्या आसपासचे रबर डाउनहिल टायरमध्ये आढळते. साठीच्या घरातले रबर टिकाऊ आणि चपळ असते, पण ओल्या दगडावर दगा देते. मऊ रबराचा गुण केवळ मऊपणात नाही, तर दबल्यावर ते सावकाश मूळ आकारात येते यात आहे. त्यामुळे ते खडबडीत पृष्ठभागाला चिकटून राहते, उसळत नाही. त्याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते : ते लवकर झिजते आणि जड फिरते. बऱ्याच कंपन्या एकाच टायरमध्ये आत टणक आणि बाहेर मऊ अशी दोन-तीन रबरे वापरून हा तोटा कमी करतात. नॉबवर पातळ चिरा पाडलेल्या असतील तर तेही ओल्यात उपयोगी पडते, कारण नॉब थोडा पसरतो आणि त्याला जास्त कडा मिळतात.

आपल्या वाटेत चिखल जास्त की दगड जास्त, हे पाहून निर्णय घ्यावा. दोन्ही सारखेच असतील तर दगडाला झुकते माप द्यावे. चिखलात घसरलेला माणूस बहुधा कपडे झटकून उठतो. कातळावर पडलेल्याचे तसे नसते.

प्रश्न : पंक्चरच्या भीतीने मी दोन्ही टायरांत ४० पीएसआय हवा ठेवतो. माझे वजन ७० किलो आहे. सायकल दगडांवर फार उडते. मित्र म्हणतो, २२ पुरे. इतक्या कमी हवेत रिम फुटणार नाही का?

उत्तर : टायरच्या नक्षीबद्दल लोक तासन्‌तास वाद घालतात आणि हवा मात्र अंगठ्याने दाबून भरतात. मला विचाराल तर चुकीच्या हवेवरच्या उत्तम टायरपेक्षा योग्य हवेवरचा साधारण टायर चांगला चालतो. ४० पीएसआयवर (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) टायर दगडाभोवती मुरडत नाही, त्यावरून उडी मारतो. आणि दर उडीला सायकल व माणूस दोघांनाही वर उचलण्यात ताकद वाया जाते. गुळगुळीत रस्त्यावर जास्त हवा वेग देते हे खरे, पण खडबडीत वाटेवर कमी हवेचा टायर केवळ पकडच जास्त देतो असे नाही, तर पुष्कळदा पुढेही जास्त वेगाने जातो.

मित्राचा आकडा बरोबर की चूक हे टायरमध्ये ट्यूब आहे की नाही यावर ठरेल. ट्यूब असेल तर दगडाचा मार बसताच ती दगड आणि रिमच्या दोन कडा यांच्यामध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन आडव्या चिरा पडतात. पंक्चर काढताना अशी जोडचीर दिसली तर काट्याला दोष देऊ नये. हवा कमी होती. ट्यूबलेस टायरमध्ये चिमटायला ट्यूबच नसते, आणि काट्याचे लहानसे भोक आतले द्रव सीलंट स्वतःच बुजवते. २९ इंची, २.४ इंच रुंदीचा ट्यूबलेस टायर आणि आपले वजन धरता पुढे २१ ते २३ आणि मागे २४ ते २६ पीएसआय ही सुरुवात योग्य ठरावी. ट्यूब असल्यास तीन ते पाच पीएसआय वाढवावेत.

यानंतरचा आकडा आपल्या वाटेनेच ठरवायचा. ओळखीचा एखादा खडकाळ, वळणांचा तुकडा घ्यावा आणि प्रत्येक फेरीला एकेक पीएसआय कमी करत जावे. रिमवर दगड आपटल्याचा ठणका ऐकू आला, वळणात टायर रिमखालून सरकल्यासारखा वाटला, किंवा कडेतून हवा फुसकन सुटली, की दोन पीएसआय परत वाढवून तेथेच थांबावे. मोजण्यासाठी कमी दाबाचे वेगळे मापक वापरावे. १६० पीएसआयपर्यंत खुणा असलेल्या पंपाच्या तबकडीवर २२ आणि २५ यांतला फरक विश्वासाने वाचता येत नाही. तापमानाचाही हिशेब ठेवावा. ३० अंश सेल्सियसला २५ पीएसआय भरलेला टायर १० अंशांवर गेला, की साडेबावीसच्या आसपास उतरतो. थंड पहाटे टायर अचानक मऊ वाटला तर तेही एक कारण असू शकते.

योग्य हवेवरही मागची रिम वारंवार आपटत असेल, तर हवा वाढवत न बसता केसिंग, म्हणजे रबराखालचे धाग्यांचे कापड, अधिक भक्कम असलेला टायर घ्यावा. २९ इंची ट्रेल टायर, म्हणजे नेहमीच्या पायवाटांसाठीचा, ९०० ग्रॅमच्या आसपास असतो. दुहेरी थराचा डाउनहिल टायर १२०० ग्रॅमच्या वर जातो. सगळे वजन दोन्हीकडे वाढवण्याऐवजी भक्कम टायर फक्त मागे बसवणे पुष्कळांना पुरते. टायरवर ६० किंवा १२० टीपीआय लिहिलेले असते. तो एका इंचातील धाग्यांचा आकडा आहे. धागे जास्त म्हणजे बारीक आणि लवचीक, कमी म्हणजे जाड आणि दणकट.

प्रश्न : माझ्या सायकलला २.२५ इंची टायर आहेत. वाळूच्या वाटेसाठी २.६ इंची बसतील का?

उत्तर : वाळूत रुंद टायर आणि कमी हवा हाच उपाय आहे, नक्षीचा तेथे फारसा संबंध नाही. बसतील की नाही, हे मात्र तीन ठिकाणी तपासावे. टायरच्या बाजूवरचा दुहेरी आकडा पाहावा : २९ इंचीवर तो ५७-६२२ असा असेल, त्यातील ६२२ हा रिमवर टायर बसतो तेथील व्यास मिलिमीटरमध्ये असतो आणि तो जुळलाच पाहिजे. २७.५ इंचीसाठी तो ५८४ आणि जुन्या २६ इंचीसाठी ५५९ असतो. दुसरे, रिमची आतली रुंदी. २.६ साठी ३० मिलिमीटरच्या आसपास हवी. २५ मिलिमीटरच्या रिमवर इतका रुंद टायर फुग्यासारखा गोल होतो आणि वळणात डोलतो. तिसरे, मागच्या फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना मोकळी जागा. ती सहा मिलिमीटरहून कमी उरत असेल तर चिखलात चाक अडकेल आणि त्यात सापडलेला खडा फ्रेम खरवडेल.

प्रश्न : काही जण मागचा टायर त्याच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणाऱ्या बाणाच्या उलट दिशेने बसवतात. त्यात काही तथ्य आहे का?

उत्तर : थोडेसे आहे. बऱ्याच टायरांच्या मधल्या नॉबची जमिनीला आधी लागणारी कड उतरती असते, जेणेकरून चाक सहज फिरावे, आणि नंतर लागणारी कड सरळ कापलेली असते, जी ब्रेक लावताना जमीन धरते. टायर उलटा केला की ती सरळ कड पायडल मारताना कामी येते. चढ सुधारतो, पण ब्रेकची पकड कमी होते आणि चाकही जड फिरते. मी तरी बाण पाळतो.

प्रश्न : टायर बदलायची वेळ झाली हे नेमके कसे ओळखावे? नॉब अजून उंच दिसतात, पण वळणात विश्वास वाटत नाही.

उत्तर : सायकल उलटी ठेवून, चाक हळूहळू फिरवत, उजेडात पाहावे. मागच्या टायरवर मधले नॉब आधी झिजतात. ब्रेक लावताना काम करणारी त्यांची कड गोलसर झालेली दिसली की उतारावर चाक लवकर घसरू लागते. पुढच्या टायरवर मधला भाग नवा दिसत असतानाही कडेचे नॉब निकामी झालेले असू शकतात, आणि आपल्या बाबतीत तेच झाले असावे. अंगठ्याने कडेचा एकेक नॉब बाहेरच्या दिशेने ढकलून पाहा. बुडाशी बारीक भेग उघडत असेल, नॉब सहज लवत असेल किंवा त्याची बाहेरची कड कुरतडल्यासारखी फाटली असेल, तर उंची कितीही शिल्लक असली तरी तो टायर पुढे ठेवू नये. बाजूंवर धागे उघडे पडले असतील किंवा टायर फिरताना एका जागी फुगवटा येत असेल, तर तो मागेही नको.

टायर बदलताना नवा नेहमी पुढे बसवावा. पुढचा जुना टायर, त्याच्या कडा शाबूत असतील तर, मागे न्यावा आणि मागचा झिजलेला काढून टाकावा. हलवताना आतील वाळलेल्या सीलंटचे पापुद्रे खरवडून काढावेत आणि नवे सीलंट भरावे. हवामान उष्ण असेल तर ते दोन-तीन महिन्यांतही सुकते, थंड असेल तर सहा महिन्यांपर्यंत टिकते.