डाव्या विचारांचे लोक नरसिंह रावांना श्रेय का देत नाहीत?

आधी माझी बाजू उघड करतो. मी डाव्या कामगार चळवळीत वाढलो, काँग्रेसचा मतदार कधीच नव्हतो. त्यामुळे ‘1991 मध्ये देश वाचवणाऱ्या माणसाला तुम्ही लोक श्रेय द्यायला एवढे का कचरता?’ हा तुमचा प्रश्न मलाच विचारला आहे असे धरून लिहितो.

विरोधी पक्षाच्या नेत्याकडे बघताना मी एकच गोष्ट तपासतो: दुसरी वाट खुली असताना त्याने कोणती धरली? पाणी नाकातोंडात गेल्यावर मारलेल्या हातपायांना मी शौर्य म्हणत नाही आणि पापही म्हणत नाही.

तसे पाहिले तर 1991 बद्दल दोन्ही बाजूंनी जरा जास्तच बोलले जाते. 21 जूनला राव पंतप्रधान झाले तेव्हा तिजोरीत दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन होते. चंद्रशेखर सरकार असतानाच मे महिन्यात 20 टन सोने बाहेर गेले होते, जुलैत आणखी 47 टन गहाण पडले. त्या खुर्चीत कोणीही असता तरी नाणेनिधीच्या दारात उभा राहिलाच असता. आमच्याकडून त्यांना हस्तक म्हटले गेले, समोरून द्रष्टा. आणि गंमत म्हणजे त्या जुलैत त्यांचे अल्पमतातले सरकार तरले, त्यात विश्वासदर्शक ठरावावर तटस्थ राहिलेल्या डाव्या पक्षांचाही वाटा होता.

परवाना पद्धत, म्हणजे कारखाना काढायला सरकारी परवान्याची सक्ती, मोडणे मात्र त्यांनी आपण होऊन केले. उद्योग खाते त्यांच्याकडेच होते. 24 जुलैला अर्थसंकल्पाच्या काही तास आधी राज्यमंत्र्यांकरवी नवे औद्योगिक धोरण गाजावाजा न करता सभागृहात ठेवले आणि 18 उद्योग वगळता परवाना रद्द! हे धाडस होते. परवान्यांच्या बाबूशाहीचा मला कधी पुळका नव्हता, तेव्हा इथे श्रेय देतो. त्याच धोरणात मक्तेदारी कायद्यातली बड्या घराण्यांवरची मालमत्तेची मर्यादाही गेली, ती काढण्याला माझा विरोध तेव्हाही होता, आजही आहे.

खरा हिशोब डिसेंबर 1992 चा, अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली तेव्हाचा. रावांचे समर्थक म्हणतात, कायदा-सुव्यवस्था राज्याचा विषय, उत्तर प्रदेशातल्या भाजपच्या कल्याणसिंह सरकारने मशिदीच्या रक्षणाची सर्वोच्च न्यायालयात हमी दिलेली, मग काही घडण्याआधीच सरकार बरखास्त कसे करायचे? वास्तविक 23 नोव्हेंबरला राष्ट्रीय एकात्मता परिषदेने त्यांना हवी ती पावले उचलायची मोकळीक दिली होती, आणि डावे त्यात पुढे होते. पण तेही बाजूला ठेवू. मशीद पाडली जात असताना पंतप्रधान काय करत होते याच्या ज्या कहाण्या फिरतात त्याही सोडून देऊ, ऐकीव गोष्टींवर माणसाला दोषी धरू नये. समर्थकांचा सगळा बचाव मान्य केला तरी पुढचे उरतेच. 6 डिसेंबरच्या संध्याकाळी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लागली. आता मध्ये राज्य सरकार नव्हते. केंद्रीय दले शेजारच्या फैजाबादला येऊन थांबलेलीच होती. तरी त्या जागेचा ताबा त्यांनी घेतला तो 8 तारखेच्या पहाटे, आणि तोवर तिथे तात्पुरते मंदिर उभे राहिले होते. हा दीड दिवस पूर्णपणे दिल्लीचा होता. त्याचे मला पटेल असे उत्तर रावांकडून कधी आले नाही. कितीही वाढलेला विकासदर यातून वजा करता येत नाही.

आता त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट, जी त्यांचे चाहतेही फारशी सांगत नाहीत. 22 डिसेंबरला लोकसभेने 73 वी घटनादुरुस्ती मंजूर केली. राजीव गांधींचे पंचायत विधेयक 1989 मध्ये राज्यसभेत पडले होते. रावांनी तो विषय पुन्हा काढला आणि तडीस नेला. पंचायतीच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबवणाऱ्या राज्यांना दर पाच वर्षांनी त्या घेणे भाग पडले, एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. हे करा म्हणून कोणी त्यांच्या मागे लागले नव्हते. लाखो बायका सत्तेच्या खुर्चीवर बसल्या, त्यातल्या कित्येकींच्या आडून नवरेच कारभार करत होते हे खरे, पण पुढच्या खेपेला बोलणाऱ्याही त्यांच्यातूनच निघाल्या. डाव्यांनी बंगालमध्ये 1978 पासून जे चालवले होते, त्याला देशभर घटनेचा आधार एका काँग्रेसवाल्याने दिला.

मला याचे आश्चर्य वाटत नाही. हा माणूस 1971 मध्ये आंध्रचा मुख्यमंत्री झाला तेव्हा स्वतः जमीनदार घरातला असून त्याने कमाल जमीनधारणेचा कायदा पुढे रेटला होता. तेलंगणातल्या सरकारी नोकऱ्या स्थानिकांसाठी राखणाऱ्या मुलकी नियमांवरून पेटलेल्या, वेगळे आंध्र राज्य मागणाऱ्या जय आंध्र आंदोलनात 1973 च्या जानेवारीत खुर्ची गेली, आणि त्या आंदोलनामागच्या लोकांत दुखावलेले जमीनदारही होते. त्यानंतर ते कोणाशी उघड वैर घेताना फारसे दिसले नाहीत. रामटेकने दोनदा निवडून दिलेला, अस्खलित मराठी बोलणारा हा खासदार आपल्याकडच्या लोकांना आठवतो तोही अबोल म्हणूनच.

राहिले झारखंड मुक्ती मोर्चाचे लाच प्रकरण, म्हणजे रावांचे सरकार वाचवायला त्या पक्षाच्या खासदारांनी पैसे घेऊन मत दिल्याचा आरोप. 28 जुलै 1993 चा अविश्वास ठराव आमच्या बाजूने आणलेला, तो 14 मतांनी पडला. खालच्या न्यायालयाने 2000 मध्ये रावांना दोषी ठरवले, 2002 मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले, म्हणून त्यांना मी लाच देणारा म्हणणार नाही. पण याच प्रकरणात 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की पैसे घेऊन सभागृहात मत देणाऱ्या खासदाराला खटल्यापासून संरक्षण आहे. हा निकाल पंचवीस वर्षे टिकला. रावांना भारतरत्न जाहीर झाले 9 फेब्रुवारी 2024 ला, आणि न्यायालयाने तो निकाल मोडीत काढला त्याच वर्षी 4 मार्चला.