यकृत थकलं की डोकं का भरकटतं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे, दोन वर्षांपासून लिव्हर सिरोसिस. महिनाभर ते दिवसा पेंगायचे आणि रात्री टक्क जागे असायचे. परवा पहाटे संडासाचं दार समजून कपाट उघडत होते. शेजारी म्हणाले, 'वात झालाय'. चार दिवस पोट साफ नव्हतं. रुग्णालयात एनिमा आणि एक गोड औषध दिलं, तर दुसऱ्या दिवशी नातवाला नावाने हाक मारली. पोटाचा डोक्याशी काय संबंध? (सोलापूर)

सरळ संबंध आहे, आणि तो अमोनियाचा. मोठ्या आतड्यातले जिवाणू प्रथिनांवर काम करताना अमोनिया सोडतात. लहान आतड्याच्या पेशीही तो बनवतात. हा अमोनिया सगळ्यांच्याच पोटात रोज तयार होतो. पण आतड्यातलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. पोर्टल शिरेतून ते आधी यकृतात येतं, तिथे अमोनियाचा युरिया होतो आणि युरिया लघवीवाटे निघून जातो.

सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृतात व्रण पडून ते कडक होतं तेव्हा, दोन गोष्टी बिघडतात. काम करणाऱ्या पेशी कमी होतात, हे तर झालंच. शिवाय कडक झालेल्या यकृतातून रक्त नीट पुढे सरकत नाही, म्हणून ते आडवाटा शोधतं. एंडोस्कोपीत अन्ननलिकेत ज्या फुगलेल्या शिरा दिसतात, त्या याच आडवाटा. तिथून न गाळलेलं रक्त मेंदूपर्यंत पोहोचतं. मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी अमोनिया पकडून त्याचं ग्लुटामिन करतात. ग्लुटामिन पाणी ओढून घेतं, पेशी फुगतात आणि चेतापेशींमधले निरोप अडखळतात. डॉक्टर याला हिपॅटिक एन्सेफॅलोपथी म्हणतात. यात मेंदूच्या पेशी बहुधा मेलेल्या नसतात, म्हणूनच तुमचे वडील एका दिवसात माणसात आले. गोंधळाचे असे झटके पुन्हापुन्हा येत राहिले तर मात्र प्रत्येक वेळी थोडी मंदता मागे उरू शकते.

झटका सहसा कारणाशिवाय येत नाही. तुमच्या घरी ते बद्धकोष्ठ होतं. इतर नेहमीची कारणं म्हणजे पोटात साठलेल्या पाण्याला झालेला जंतुसंसर्ग, अन्ननलिकेतून रक्तस्राव (रक्त म्हणजे आतड्यात ओतलेली प्रथिनंच, संडास डांबरासारखी काळी होते), लघवीच्या गोळ्या जास्त होऊन पडलेला कोरडेपणा, पोटॅशियम किंवा सोडियम उतरणं, दारू आणि झोपेच्या गोळ्या. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना 'या वेळी निमित्त काय झालं?' हे जरूर विचारा. निमित्त सापडलं नाही तर औषधाने माणूस शुद्धीवर येतो, पण पुन्हा तिथेच येऊ शकतो.

प्रश्न : ते गोड औषध म्हणजे लॅक्टुलोज. बाटलीवर '३० मिली' लिहिलंय. जुलाब झाले की आम्ही बंद करतो. बरोबर आहे का? (नाशिक)

बंद करणं चूक, आणि 'रोज ३० मिली' हा हिशोबही अपुरा. लॅक्टुलोजचं माप चमच्यात नसतं, संडासच्या खेपांत असतं. दिवसाला २ ते ३ मऊ खेपा हे लक्ष्य. सुरुवात बहुधा १५ ते ३० मिली, दिवसातून २ ते ३ वेळा अशी होते. एकच खेप झाली तर पुढच्या दिवशी थोडं वाढवायचं. चार-पाच पातळ झाल्या तर कमी करायचं, पण शून्यावर आणायचं नाही. किती वाढवायचं, किती उतरवायचं, याची मुभा डॉक्टरांकडून लिहून घ्या, म्हणजे रात्री अकराला फोन करावा लागत नाही.

ही साखर आपल्याला पचत नाही. ती मोठ्या आतड्यात पोहोचते, जिवाणू तिचं आम्ल करतात, आणि आम्लात अमोनियाचं रूपांतर अशा अमोनियममध्ये होतं जो रक्तात सहज शिरत नाही. मग तो संडासवाटे बाहेर. पोट साफ होणं हा त्यामुळे अर्धाच फायदा आहे. पहिल्या आठवड्यात गॅस आणि पोटफुगी होते. ताकात किंवा पाण्यात मिसळून दिलं तर गोडपणाही सुसह्य होतो.

उलटी चूकही खूप घरांत होते. 'जास्त दिलं की लवकर बरं वाटेल' म्हणून दिवसाला आठ-दहा जुलाब होऊ देतात. त्याने शरीर कोरडं पडतं, क्षारांचं गणित बिघडतं, आणि ज्या गोंधळावर औषध दिलं तोच गोंधळ त्या औषधाने होतो.

लॅक्टुलोज नीट चालू असूनही झटका आला, तर त्याच्या जोडीला रिफॅक्सिमिन ५५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. हे प्रतिजैविक आतड्यातच राहतं, रक्तात फारसं जात नाही. महाग आहे, म्हणून लोक लॅक्टुलोज सोडून फक्त गोळी घेतात किंवा गोळी सोडून देतात. पैशाची अडचण असेल तर डॉक्टरांशी उघड बोला, परस्पर कापाकापी नको.

प्रश्न : आईला सिरोसिस आहे. नातेवाईक म्हणतात डाळ, दूध, अंडी बंद करा, अमोनिया वाढतो. ती एकादशी आणि चतुर्थीही करते. काय खायला द्यावं? (सातारा)

हा सल्ला फार जुना आहे, आणि त्याने आजवर बरंच नुकसान केलं आहे. त्याचं मूळ कुत्र्यांवरच्या प्रयोगात सापडतं. लाळेच्या प्रयोगांमुळे आपल्याला शाळेपासून माहीत असलेले पावलोव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी १८९३ मध्ये नोंदवलं, की पोर्टल शिरेचं रक्त यकृताला वळसा घालून नेलं आणि कुत्र्याला मांस दिलं, तर तो बिथरतो, लडखडतो, बेशुद्ध पडतो. त्यावरून पुढची कितीतरी दशकं रुग्णांची प्रथिनं तोडली गेली. आजचा सल्ला नेमका उलट आहे : दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. कारण यकृत थकल्यावर अमोनिया पकडायचं काम स्नायू करतात. प्रथिनं तोडली की स्नायू वितळतात, आणि हा दुसरा पहारेकरीही जातो.

आईचं वजन ५० किलो धरू. (पोटात पाणी असेल तर काट्यावरचा आकडा खरा नाही, पाणी वजा करून डॉक्टर सांगतील ते वजन धरा.) म्हणजे किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. ती अशी जमतात : दोन वाट्या घट्ट वरण किंवा मोडाची उसळ, प्रत्येकी ३० ग्रॅम कोरडी डाळ धरून, १४ ग्रॅम. पन्नास-पन्नास ग्रॅम पिठाच्या तीन ज्वारीच्या भाकरी, साधारण १५. दिवसभरात अर्धा लिटर दूध-दही, १६. पन्नास ग्रॅम पनीर, ९. मूठभर फुटाणे, ६. बेरीज ६०. बघा, 'डाळभात खाते ना' एवढ्याने हा आकडा गाठत नाही. डाळी आणि दुधाची प्रथिनं या रुग्णांना मांसापेक्षा सहसा बरी सोसतात. अंडं खात असेल तर एकात ६ ग्रॅम मिळतात.

मीठ मात्र दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. लोणचं, पापड, खारवलेली मिरची बाद. फुटाणेही बिनमिठाचे.

आता उपास. सिरोसिसच्या रुग्णाची एक उपाशी रात्र ही निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणासारखी असते, कारण यकृतात साठवलेली साखर लगेच संपते आणि शरीर स्नायू मोडून खायला लागतं. त्यामुळे निर्जळी एकादशी अजिबात नको. साबुदाणा खिचडीने पोट भरतं, पण साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतात. आईचं मन मोडवत नसेल तर दूध, दही, राजगिरा, दाण्याचा कूट असं दर तीन तासांनी द्या. एरवीही झोपताना दूध-पोहे किंवा दूध-भाकरी द्यायचीच. रात्रीचा हा घास औषधाइतकाच महत्त्वाचा.

प्रश्न : घरातले सिरोसिसचे रुग्ण रात्रभर जागतात, घरात फिरतात. जवळच्या डॉक्टरांकडून झोपेची गोळी घ्यावी का? (पुणे)

नको. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम यांचा या मेंदूवर खूप जास्त असर होतो आणि एका गोळीने माणूस बेशुद्धीत जाऊ शकतो. कोडीनचं खोकल्याचं औषधही तसंच. रात्र-दिवस उलटणं हे या आजाराचंच एक सुरुवातीचं लक्षण आहे. लॅक्टुलोज पुरेसं लागू पडतंय का ते आधी पाहा. अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळा. पॅरासिटामॉल चालतं, दिवसाला २ ग्रॅमच्या आत.

प्रश्न : रक्तातला अमोनिया दर महिन्याला तपासायचा का? (ठाणे)

त्याची गरज नाही. उपचार लक्षणांवर ठरतो, आकड्यावर नाही. नमुना बर्फात ठेवून लगेच तपासला नाही तर अमोनिया खोटाच वाढलेला दिसतो. गोंधळलेल्या रुग्णाचा अमोनिया नॉर्मल आला तर मात्र त्या रिपोर्टला किंमत आहे : मग कारण दुसरं असू शकतं. साखर उतरलेली असेल, पडल्यामुळे डोक्यात रक्त साकळलेलं असेल (या रुग्णांच्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी असतात), किंवा दारू पिणाऱ्यात थायामिनची (ब१ जीवनसत्त्वाची) कमतरता असेल.

प्रश्न : सिरोसिस असलेला नवरा किराणा दुकान चालवतो, स्कूटरही चालवतो. बोलणं ठीक आहे, पण सुटे पैसे देताना चुकतो. हेही यातलंच का? (कोल्हापूर)

असू शकतं. गप्पांत न कळणारी ही पायरी आहे. यात लक्ष, वेग आणि प्रतिक्रिया ढिल्या पडतात. तज्ज्ञ यासाठी कागदावर विखुरलेले १ ते २५ आकडे क्रमाने जोडायला लावतात आणि वेळ मोजतात. घरी करण्यासारखी गोष्ट म्हणजे एका मिनिटात प्राण्यांची नावं सांगायला लावणं. पंधराच्या पुढे गेला तर बरं. दहाही जमली नाहीत तर लवकर दाखवा. तपासणी होईपर्यंत स्कूटरची किल्ली तुमच्याकडे असू दे. समोरून गाडी आली तर ब्रेक दाबायला लागणारा अर्धा सेकंदच यात हरवतो.

एक शंभर पानी वही करा. रोज सकाळी तारीख, आदल्या दिवशीच्या संडासच्या खेपा, वजन, त्याची सही आणि पाच टोकांची एक चांदणी. चांदणीची टोकं जुळेनाशी होणं, सही ओळीखाली घसरणं हे बडबडण्याच्या आधी दिसतं. सोबत दोन्ही हात समोर ताठ करून, मनगटं वर वळवून, बोटं फाकवून धरायला सांगा, वाहतूक पोलीस गाडी थांबवतो तसे. पंधरा-वीस सेकंदांत मनगट मधूनच सैल पडून झुकलं आणि झटक्यात वर आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. वार-तारीख सांगता येत नाही, हाक मारूनही डोळे मिटतात, ताप आहे, काळी संडास किंवा रक्ताची उलटी झाली, असं काही असेल तर १०८ ला फोन करा. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात औषध, पाणी काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं, कुशीवर झोपवा.

प्रश्न : भाची १९ वर्षांची. अक्षर बिघडलंय, बोलणं अडखळतं, चिडचिड वाढली. मानसोपचारतज्ज्ञांनी रक्त तपासलं तर लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले. सिरोसिस या वयात? (अमरावती)

या वयात हात, बोलणं आणि यकृत एकत्र बिघडले तर विल्सनचा आजार आधी तपासायचा. यात यकृताला तांबं बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात आणि मेंदूत साठतं. अमोनियाशी याचा संबंध नाही, त्यामुळे लॅक्टुलोजने हे लक्षण जाणार नाही. रक्तातलं सेरुलोप्लाझमिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन), २४ तासांच्या लघवीतलं तांबं आणि नेत्रतज्ज्ञांकडून स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या कडेचं तपकिरी कडं, या तीन तपासण्या लवकर करून घ्या. तांबं बाहेर काढणारी पेनिसिलामाइनसारखी औषधं आणि झिंक जन्मभर घ्यावं लागतं, पण वेळेत सुरू झालं तर बरेच रुग्ण सुधारतात. निदान पक्कं झालं तर तिच्या सख्ख्या भावंडांनाही, भावंडं ठणठणीत दिसत असली तरी, तपासून घ्या. प्रत्येकाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते.