स्क्रीन रीडर आणि मराठी टंकलेखन

प्रश्न : मुलगी पूर्ण अंध आहे, बारावीला आहे. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरते. मराठी निबंध लिहायला वर्ड घ्यावे की मोफत लिबरऑफिस? जुन्या फाइल्स उघडल्या की निरर्थक अक्षरे ऐकू येतात. – एक पालक, ऐरोली

उत्तर : आधी जुन्या फाइल्सचे पाहू, कारण खरी अडचण तिथेच दिसते. कर्सर मजकुरावर ठेवून इन्सर्ट+एफ दाबायला सांगा. फॉन्टचे नाव ऐकू येईल. फॉन्ट युनिकोडपूर्व (सर्व लिपींसाठीची सामायिक संगणकीय अक्षरपद्धत, म्हणजे युनिकोड, येण्याआधीचा) असेल, तर पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरेच असतात आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. सॉफ्टवेअर बदलून हे सुटणार नाही. मजकूर कन्व्हर्टरने (फॉन्ट बदलून देणाऱ्या प्रोग्रामने) युनिकोडमध्ये आणा; जोडाक्षरे मात्र डोळस माणसाकडून तपासून घ्या.

मग इन्सर्ट+कंट्रोल+व्ही दाबून ईस्पीक हे मजकूर बोलणारे इंजिन निवडा, आवाज मराठी ठेवा. उच्चार यांत्रिक वाटतो, पण सवय होते.

वर्ड परवडत असेल तर तेच घ्या. इन्सर्ट+स्पेसने ब्राउझ मोड (टंकलेखन न करता मजकुरात फिरण्याची स्थिती) सुरू केला की एच दाबत शीर्षकावरून शीर्षकावर जाता येते. त्यासाठी शीर्षक ठळक करून भागत नाही, कंट्रोल+ऑल्ट+१ ने शीर्षकाची शैलीच द्यावी लागते. लिबरऑफिसमध्ये त्यासाठी कंट्रोल+१. साध्या निबंधाला तेही पुरते.