मोजमापाच्या क्षणी नेमके काय घडते? वाचकांच्या शंकांना उत्तरे

क्वांटम यामिकीची, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांसारख्या सूक्ष्म कणांच्या शास्त्राची, गणिते अचूक उत्तरे देतात, याबद्दल भौतिकशास्त्रज्ञांत दुमत नाही. त्या गणितांचा अर्थ काय, अनेक शक्यतांत असलेला कण मोजताच एकाच जागी कसा सापडतो, यावर मात्र जवळपास शंभर वर्षे एकमत झालेले नाही. याविषयी नाशिककर वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरे.

माणसाने पाहिले की कण एका जागी येतो, असे एका व्याख्यानात ऐकले. म्हणजे जगाला जाणिवेची गरज आहे का? (विद्यार्थिनी, गंगापूर रोड)

माणसाची गरज नाही, एवढे प्रयोगाच्या आधारे म्हणता येते. व्हिएन्नातील संशोधकांनी 2004 मध्ये सत्तर कार्बन अणूंचे रेणू लेसरने तापवून अतिसूक्ष्म जाळ्यांमधून सोडले. थंड रेणूंचे व्यतिकरणाचे पट्टे (रेणूच्या अनेक वाटा तरंगांसारख्या एकमेकींत मिसळल्याची खूण) स्पष्ट उमटत. तापमान वाढू लागले, तसे रेणू स्वतःच उष्णतेचे फोटॉन (प्रकाशाचे कण) बाहेर टाकू लागले आणि पट्टे फिके होत गेले. ते फोटॉन कोणी पाहिले नव्हते. रेणू कोणत्या वाटेने गेला याची खूण परिसरात उमटली, तेवढे पुरले. यालाच डीकोहेरन्स म्हणतात. मात्र त्यामुळे सगळा प्रश्न निकालात निघाला, हा दावा मला मान्य नाही. शक्यतांमधले व्यतिकरण का दिसेनासे होते हे त्यातून कळते, पण त्यांतली एकच शक्यता प्रत्यक्षात का येते हे कळत नाही, आणि खरा वाद तिथेच आहे. जाणिवेला ही भूमिका देणारा विचार यूजीन विग्नर यांनी 1961 मध्ये मांडला खरा. पुढे त्यांनीच तो सोडून दिला.

कारखान्यात मायक्रोमीटर खराब असला की माप चुकते. अनिश्चितता ही तशीच उपकरणाची मर्यादा नव्हे का? (गुणवत्ता विभागातून निवृत्त, सातपूर)

प्रचलित मत असे, की कणाला एकाच वेळी नेमके स्थान आणि नेमका संवेग (वस्तुमान गुणिले वेग) नसतोच. त्यामुळे उपकरण कितीही सुधारले तरी उपयोग नाही. परंतु हे एकच मत शक्य आहे, असे समजू नये. डेव्हिड बोम यांनी 1952 मध्ये दाखवले, की कणाला प्रत्येक क्षणी निश्चित स्थान असते आणि तरंग त्याला वाट दाखवतो असे मानले, तरी भाकिते तीच येतात. असा सिद्धांत अशक्य असल्याची सिद्धता ख्यातनाम गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी 1932 मध्ये दिल्याचे मानले जाई. तिच्यातली उणीव ग्रेटे हरमन या विदुषीने 1935 मध्येच दाखवली होती, पण तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. भल्याभल्यांच्या नावाचा दरारा विज्ञानातही असतो, तो असा.

2022 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलने आइन्स्टाइन चूक ठरले काय? (नाशिकरोड)

एका मुद्द्यावर, होय. चपलांच्या जोडातली एक चप्पल सिन्नरला आणि दुसरी त्र्यंबकला बंद पाकिटात पाठवली, तर सिन्नरला डावी निघताच त्र्यंबकची उजवी असल्याचे कळते, आणि यात काही गूढ नाही. गुंतलेल्या, म्हणजे दूर असूनही ज्यांची मोजमापे एकमेकांशी जुळतात अशा, कणांचेही असेच असावे, सगळे आधीच ठरलेले असावे आणि एका टोकाच्या मोजमापाचा दुसऱ्या टोकावर परिणाम होत नसावा, अशी आइन्स्टाइन यांची धारणा होती. तसे असेल तर मोजमापांच्या परस्परसंबंधांतून काढलेली एक संख्या 2 च्या वर जाऊ शकत नाही, ही जॉन बेल यांच्या 1964 च्या निष्कर्षातून निघालेली कसोटी. क्वांटम गणित तिला सुमारे 2.83 पर्यंत जाऊ देते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे 2015 मध्ये 1.3 किलोमीटर अंतरावरच्या इलेक्ट्रॉनांवर ती 2.42 आली. क्लाउझर, आस्पे आणि झाइलिंगर यांना नोबेल मिळाले ते या दिशेच्या प्रयोगांसाठी. यातून प्रकाशापेक्षा वेगाने संदेश मात्र धाडता येत नाही, कारण कोणत्याही एका टोकाला फक्त यादृच्छिक आकडेच दिसतात.

हे सारे उपनिषदांत आधीच सांगितले आहे ना? (पंचवटी)

क्वांटम यामिकीचे मूळ समीकरण मांडणारे श्रोडिंगर यांना वेदान्ताची ओढ होती, हे खरे. त्यांचे समीकरण मात्र त्यावर उभे नाही.

अनेक विश्वांची कल्पना आपल्याला पटते का? (देवळाली)

ह्यू एव्हरेट यांनी 1957 मध्ये मांडलेली ही कल्पना वाटते तितकी विक्षिप्त नाही: कणाच्या सगळ्या शक्यता सांगणारे तरंगफलन कधीच कोसळत नाही, म्हणजे एकाच शक्यतेवर येत नाही, सगळ्या शक्यता आपापल्या शाखेत घडतात. माझी अडचण वेगळी आहे. सगळेच घडत असेल, तर अमुक गोष्टीची संभाव्यता सत्तर टक्के म्हणजे काय? यावर उत्तरे दिली गेली आहेत, पण मला ती समाधानकारक वाटत नाहीत. माझा कल तरंगफलन खरोखरच कोसळते असे मानणाऱ्या सिद्धांतांकडे आहे, कारण ते प्रयोगाने खोटे ठरू शकतात. तीन इटालियन शास्त्रज्ञांनी 1986 मध्ये मांडलेल्या अशा सिद्धांतानुसार प्रत्येक कणाचे तरंगफलन अतिशय क्वचित, आपोआप आकसते. मोठ्या वस्तूत कण असंख्य असल्याने ती लगेच एका जागी स्थिरावते. गुरुत्वाकर्षणामुळे ते कोसळते, ही पेनरोज आणि डिओशी यांची कल्पना. तिच्या सर्वांत साध्या रूपाप्रमाणे पदार्थातून क्षीण क्ष-किरण निघायला हवेत. इटलीतील ग्रान सास्सो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत जर्मेनियमच्या शोधकाने ते शोधले गेले, अपेक्षेइतके मिळाले नाहीत आणि ते रूप बाद झाले. सुधारित रूपांवर शोध सुरू आहे.